नाव वगळले तरी ओळख उरते : विशाल माहितीसंचांची देवाणघेवाण आणि व्यक्तीची गोपनीयता

रुग्णालयांतील नोंदी, जनगणनेच्या अनुसूची, भ्रमणध्वनीचे स्थाननिर्देश, बँकांचे व्यवहार आणि जनुकीय चाचण्या यांचे कोट्यवधी नोंदींचे संच आज संशोधन व नियोजन यांचे प्रमुख साधन झाले आहेत. रोगाची साथ कोणत्या मार्गाने पसरली, कुपोषण कोणत्या जिल्ह्यात वाढले, एखादे औषध कोणत्या रुग्णांना बाधते, या प्रश्नांची उत्तरे अशा संचांतूनच मिळतात. त्यासाठी ते एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे सोपवावे लागतात, तर काही वेळा सर्वांसाठी खुले करावे लागतात. नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक काढून टाकले की व्यक्तीची गोपनीयता राखली जाते, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. गेल्या तीन दशकांतील अनुभवाने ती चुकीची ठरविली आहे.

माहितीसंच जितका तपशीलवार असेल तितकी त्यातील प्रत्येक व्यक्ती इतरांहून वेगळी दिसू लागते, आणि वेगळी दिसणारी व्यक्ती शोधून काढणे अवघड नसते. शिवाय एकदा प्रसृत झालेली माहिती परत घेता येत नाही. संकेतस्थळावरून ती हटविली तरी तिच्या प्रती अन्यत्र उरतात.

मॅसॅच्युसेट्समधील नोंदी

या विषयातील सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा पाहणाऱ्या ग्रुप इन्शुरन्स कमिशनने १९९० च्या दशकाच्या मध्यावर सुमारे १ लाख ३५ हजार कर्मचारी व कुटुंबीय यांच्या वैद्यकीय नोंदी संशोधकांना उपलब्ध करून दिल्या. त्यातून नावे व पत्ते वगळण्यात आले होते. मात्र जन्मदिनांक, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक कायम ठेवण्यात आला होता.

त्या वेळी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे शिकत असलेल्या लटान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली. या यादीत नावांसोबत जन्मदिनांक, लिंग आणि टपाल क्रमांक हेच तीन तपशील होते. राज्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड याच शहरात राहत असत. त्यांच्याच जन्मदिनांकाच्या सहा व्यक्ती यादीत आढळल्या. त्यांपैकी तीन पुरुष होते आणि वेल्ड यांच्या टपाल विभागात एकच होता. अशा रीतीने गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद 'निनावी' संचातून वेगळी काढता आली.

अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोकसंख्या केवळ या तीन तपशिलांच्या आधारे एकमेव ठरू शकते, असा निष्कर्ष स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून काढला. २००६ मध्ये फिलिप गोल यांनी २००० च्या जनगणनेवरून केलेल्या फेरगणनेत हे प्रमाण सुमारे ६३ टक्के आले. कमी असलेला आकडा स्वीकारला तरी निम्म्याहून अधिक लोक ओळखले जाण्याच्या टप्प्यात येतात.

भारतासाठीचा स्थूल हिशेब

असाच हिशेब भारतासाठीही मांडता येतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून साकारलेला सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात अमलात आला. आज देशात सुमारे १९ हजार पिन कोड आहेत. १४० कोटींहून अधिक लोकसंख्या त्यांत विभागली तर एका पिन कोडमागे सरासरी सत्तर ते पंच्याहत्तर हजार लोक येतात. वर्षाचे ३६५ दिवस, सत्तर वर्षांचा वयोगट आणि दोन लिंगे यांचा गुणाकार केल्यास ५१ हजार १०० कप्पे होतात. म्हणजे पिन कोड, जन्मदिनांक आणि लिंग एवढेच कळले तरी एका कप्प्यात सरासरीने एक वा दोन व्यक्तीच उरतात.

प्रत्यक्षात वाटणी इतकी सारखी नसते. महानगरातील एका पिन कोडमध्ये लाखो लोक राहतात, तर ग्रामीण भागात काही हजारच. अनेकांच्या जन्मदिनांकाची नोंदही अचूक नसते. महाराष्ट्रात शाळेत दाखला घेताना १ जून हा दिनांक लिहून घेण्याची रूढी होती, त्यामुळे त्या दिनांकाच्या कप्प्यात मोठी गर्दी आढळते. मात्र जन्मनोंदणीचे प्रमाण वाढल्याने नव्या पिढीचे दिनांक अचूक झाले आहेत आणि गर्दीत लपण्याची ही सोय संपत चालली आहे.

गुंतागुंतीच्या संचांतील अधिक धोका

मॅसॅच्युसेट्समधील ओळख तीन ठरावीक तपशिलांमुळे पटली होती. ज्या संचात एकेका व्यक्तीची शेकडो निरीक्षणे असतात, तेथे नेमका कोणता तपशील ओळख उघड करील हे आधी सांगता येत नाही. पुढील प्रकरणांतून हे स्पष्ट झाले.

ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी तीन महिन्यांत शोधयंत्रात टाकलेले सुमारे २ कोटी शोध संशोधनासाठी प्रसृत केले. नावांच्या जागी क्रमांक घालण्यात आले होते. आपले गाव, आपले आडनाव, आपले आजार लोक स्वतःच शोधत असल्याने काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी एका क्रमांकामागील वृद्ध महिलेपर्यंत पोहोचून तिची ओळख पटविली. कंपनीने संच मागे घेतला, परंतु तोपर्यंत त्याच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सने १० लाख डॉलरच्या पारितोषिकासाठी सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी १७ हजार ७७० चित्रपटांना दिलेले १० कोटींहून अधिक गुणांकन खुले केले. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यातील उणीव दाखवून दिली. एखाद्याने आठ चित्रपटांना दिलेले गुण, त्यांतील दोन चुकीचे असले तरी, आणि त्यांचे दिनांक चौदा दिवसांच्या फरकाने ठाऊक असल्यास ९९ टक्के नोंदी एकमेव ठरत होत्या. कोणी कोणते चित्रपट पाहिले यावरून राजकीय मते व लैंगिक कल यांचा अंदाज बांधता येत असल्याने प्रकरण न्यायालयात गेले. कंपनीने नियोजित दुसरी स्पर्धा मार्च २०१० मध्ये रद्द केली.

भ्रमणध्वनीच्या नोंदींबाबतचा निष्कर्ष याहून बोलका आहे. सुमारे १५ लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या हालचालींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थळ आणि वेळ यांचे केवळ चार बिंदू माहीत असल्यास ९५ टक्के व्यक्ती इतरांपासून वेगळ्या ओळखता येतात, असे त्यात आढळले. रात्रीचे ठिकाण घर असते आणि दिवसाचे ठिकाण कामाची जागा, एवढ्यावरच निम्मी ओळख पटते.

शासकीय यंत्रणाही अशा चुकांपासून मुक्त राहिलेल्या नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य विभागाने ऑगस्ट २०१६ मध्ये सुमारे २९ लाख नागरिकांच्या वैद्यकीय सेवा व औषधे यांची देयके खुली केली. त्यांतील काही नोंदी १९८४ पर्यंत मागे जाणाऱ्या होत्या. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी डॉक्टरांचे सांकेतिक क्रमांक उलगडता येतात हे महिनाभरात दाखवून दिले आणि संच हटविण्यात आला. प्रसूतीचा दिनांक, शस्त्रक्रियेचे वर्ष अशा सार्वजनिक माहितीच्या आधारे रुग्णही ओळखता येतात, हे त्याच गटाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले.

गटात लपविण्याचा उपाय आणि त्याच्या मर्यादा

पिएरांजेला समाराती आणि लटान्या स्वीनी यांनी १९९८ मध्ये 'के-अनॉनिमिटी' ही संकल्पना मांडली. ओळख पटविण्यास उपयोगी पडतील अशा तपशिलांच्या बाबतीत प्रत्येक नोंद किमान ठरावीक संख्येच्या इतर नोंदींसारखी दिसली पाहिजे, असे तिचे तत्त्व आहे. यासाठी जन्मदिनांकाऐवजी वयोगट, पिन कोडऐवजी जिल्हा असे स्थूल वर्गीकरण करण्यात येते आणि अगदी वेगळ्या पडणाऱ्या नोंदी वगळण्यात येतात.

हा उपाय उपयुक्त असला तरी अपुरा आहे. एका गावात एखाद्या जातीची दहा कुटुंबे असून त्या सर्वांच्या नोंदीत कर्जबाजारीपणा आढळला, तर कोणती नोंद कोणाची हे न कळताही दहाही कुटुंबांची स्थिती उघड होते. ही त्रुटी दूर करण्यासाठी २००६ मध्ये अश्विन मचानवज्जला व सहकाऱ्यांनी प्रत्येक गटात संवेदनशील बाबींची विविधता असावी अशी अट सुचविली. त्यापुढील सुधारणा २००७ मध्ये झाली. तरीही दोन अडचणी कायम राहिल्या. माहिती मिळविणाऱ्याकडे आधीच काय ठाऊक आहे याचा अंदाज करावा लागतो आणि तो अनेकदा चुकतो. तसेच एका व्यक्तीमागे शेकडो तपशील असल्यास त्यांना सारखे करता करता अभ्यासासाठी काहीच शिल्लक राहत नाही.

केवळ एकत्रित आकडे दिले तरी धोका टळत नाही. एका कार्यालयात गेल्या महिन्यात शंभर कर्मचाऱ्यांचे सरासरी वेतन जाहीर झाले आणि एक कर्मचारी निवृत्त झाल्यावर नव्व्याण्णवांचे जाहीर झाले, तर वजाबाकीने निवृत्त व्यक्तीचे वेतन मिळते. इरित दिनुर आणि कोब्बी निस्सिम यांनी २००३ मध्ये याच तत्त्वाचा सार्वत्रिक निष्कर्ष गणिताने सिद्ध केला. पुरेशा प्रश्नांची फार अचूक उत्तरे दिली गेल्यास मूळ नोंदी जवळजवळ पूर्णपणे पुन्हा रचता येतात, असा तो निष्कर्ष आहे.

मोजून मिसळलेली अनिश्चितता

या निष्कर्षातून पुढील मार्ग निघाला. २००६ मध्ये सिंथिया ड्वॉर्क, फ्रँक मॅक्शेरी, कोब्बी निस्सिम आणि ॲडम स्मिथ यांनी मांडलेल्या पद्धतीला 'डिफरन्शियल प्रायव्हसी' असे म्हटले जाते. या कार्यासाठी त्यांना २०१७ चे गोडेल पारितोषिक प्रदान करण्यात आले. संचात एखादी व्यक्ती असली काय किंवा नसली काय, जाहीर होणाऱ्या निष्कर्षात जाणवण्याजोगा फरक पडू नये, ही या पद्धतीची कसोटी आहे. त्यासाठी प्रत्येक उत्तरात मोजूनमापून थोडी यादृच्छिक चूक मिसळण्यात येते.

तत्त्व नवे नाही. संकोचाच्या प्रश्नांची खरी उत्तरे मिळावीत यासाठी स्टॅन्ले वॉर्नर यांनी १९६५ मध्ये सर्वेक्षणाची एक युक्ती सुचविली होती. तिचे सोपे रूप असे : उत्तर देणाऱ्याने कोणास न दाखविता नाणे उडवावे. छापा आल्यास खरे उत्तर द्यावे. काटा आल्यास पुन्हा नाणे उडवून छाप्याला 'होय' आणि काट्याला 'नाही' म्हणावे. एक हजार जणांपैकी ४०० जणांनी 'होय' म्हटले असे समजू. त्यांपैकी सुमारे २५० 'होय' केवळ नाण्यामुळे आलेले असतील. उरलेले १५० हे खरे उत्तर देणाऱ्या सुमारे ५०० जणांचे, म्हणजे ३० टक्के. समाजाचे चित्र मिळाले, परंतु कोणा एकाचे 'होय' खरे की नाण्याचे हे कोणीही सांगू शकत नाही.

किती चूक मिसळावी हे 'एप्सिलॉन' या संख्येने ठरते. ती लहान असेल तर संरक्षण अधिक व अचूकता कमी. मोठी असेल तर याच्या उलट. प्रत्येक नव्या उत्तराबरोबर थोडे संरक्षण खर्ची पडते, म्हणून तज्ज्ञ त्याची तुलना अंदाजपत्रकाशी करतात. अंदाजपत्रक संपल्यावर नवी उत्तरे देणे थांबवावे लागते.

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ही पद्धत राष्ट्रीय पातळीवर वापरण्यात आली. २०१० च्या जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांवरून व्यक्तिगत नोंदी पुन्हा रचण्याचा प्रयोग जनगणना विभागाने स्वतःच करून पाहिला होता. रचलेल्या नोंदींपैकी सुमारे ४६ टक्के मूळ नोंदींशी तंतोतंत जुळल्या. व्यापारी माहितीशी जोडल्यावर सुमारे १७ टक्के लोकसंख्येची ओळख खात्रीने पटली, असे विभागाने जाहीर केले. नव्या पद्धतीवर टीकाही झाली. राज्यांची एकूण लोकसंख्या अचूक ठेवण्यात आली असली तरी लहान वस्त्यांचे आकडे विस्कळीत झाले, अशी अनेक लोकसंख्याशास्त्रज्ञांची तक्रार होती. प्रयोगातून धोक्याचे प्रमाण अधिक दाखविले गेले, असाही काहींचा आक्षेप होता. गोपनीयतेची किंमत कोणी आणि किती मोजावी हा निर्णय केवळ गणिती नसतो, हे या वादातून पुढे आले.

माहिती न हलविता अभ्यास

संच हाती न देता अभ्यासाची सोय करून देणे हा दुसरा मार्ग आहे. ब्रिटनमध्ये २०२० साली कोविड-१९ च्या काळात उभारण्यात आलेल्या 'ओपनसेफली' या व्यवस्थेत कोट्यवधी रुग्णांच्या नोंदी जेथल्या तेथेच राहतात. संशोधक नमुन्यादाखल तयार केलेल्या कृत्रिम माहितीवर आपली संगणकीय आज्ञावली लिहितो. ती आज्ञावली खऱ्या नोंदींवर चालविली जाते आणि तपासून मान्य झालेले निष्कर्षच बाहेर येतात. कोणी कोणती आज्ञावली चालविली याची नोंद सर्वांसाठी खुली असते.

जनुकीय माहितीबाबत अशी नियंत्रित व्यवस्था विशेष आवश्यक मानली जाते. व्यक्तीचा जनुकसंच बदलता येत नाही आणि तो एकाच वेळी भावंडे, मुले व भावी पिढ्या यांचीही माहिती देतो. एखादी व्यक्ती अभ्यासगटात होती की नाही हे केवळ एकत्रित आकड्यांवरूनही सांगता येते, असे २००८ मध्ये सिद्ध झाल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी तोवर खुले असलेले असे आकडे नियंत्रित प्रवेशाखाली आणले. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाच्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पात संकलित केलेली सुमारे १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती फरीदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवण्यात आली आहे. जानेवारी २०२५ पासून ती संशोधकांना नियमांच्या अधीन राहून उपलब्ध करून देण्यात येत आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच विवाह करणारे लहान समाज देशात मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे व्यक्तीइतकीच समाजाची ओळख जपण्याचा प्रश्नही येथे उभा राहतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

जनगणनेच्या नोंदींना देशात दीर्घकाळ संरक्षण आहे. १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या कलम १५ नुसार या नोंदी कोणालाही पाहण्यास खुल्या नाहीत आणि जनगणनेविषयक गुन्ह्यांचे खटले वगळता त्या पुरावा म्हणूनही ग्राह्य धरता येत नाहीत. दुसरीकडे, २०१२ च्या राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण व सुलभता धोरणाने शासकीय खर्चाने संकलित झालेली, संवेदनशील नसलेली माहिती जनतेसाठी खुली करण्याचा मार्ग घालून दिला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने न्या. के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. सुरक्षेचे वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या अधिनियमात आहे. संशोधन व सांख्यिकी यांसाठी सवलत ठेवण्यात आली आहे. मात्र त्या माहितीवरून कोणा विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेता येणार नाही आणि विहित मानकांचे पालन करावे लागेल, अशा अटी त्यास आहेत.

एक फरक येथे लक्षात घेण्याजोगा आहे. निनावी केलेल्या माहितीवरून व्यक्तीची ओळख पुन्हा पटविणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्याची तरतूद २०१९ च्या विधेयकात होती. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि २०२३ च्या अधिनियमात अशी स्वतंत्र तरतूद नाही. त्यामुळे संच देणाऱ्या संस्थेने पूर्वतयारीतच घ्यावयाच्या काळजीला अधिक महत्त्व आहे.

माहिती सोपविण्यापूर्वी तपासावयाच्या बाबी

जगभरातील सांख्यिकी संस्थांच्या व्यवहारात आता पुढील प्रश्न विचारण्याची पद्धत रूढ होत आहे.

१. अभ्यासाच्या उद्देशासाठी प्रत्येक तपशील खरोखर आवश्यक आहे काय? जन्मदिनांकाऐवजी वय आणि गावाऐवजी तालुका पुरतो काय?

२. मतदार यादी, समाजमाध्यमे, वृत्तपत्रे अशा कोणत्या सार्वजनिक माहितीशी हा संच जोडता येईल?

३. ओळख पटविण्याचा प्रयत्न संस्थेने स्वतः अथवा स्वतंत्र तज्ज्ञांकरवी करून पाहिला आहे काय?

४. संच सर्वांसाठी खुला करणे आवश्यक आहे, की करारबद्ध संशोधकांना सुरक्षित केंद्रात पाहू देणे पुरेसे आहे?

५. याच व्यक्तींविषयी यापूर्वी कोणती आकडेवारी प्रसिद्ध झाली आहे आणि दोन्हींच्या वजाबाकीतून काय उघड होईल?

६. ज्यांची माहिती आहे त्यांना तिच्या वापराची कल्पना देण्यात आली आहे काय?

भारतात २०२७ च्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक अधिसूचित करण्यात आला, तर हिमाच्छादित प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६ हा दिनांक ठरला. माहितीचे संकलन डिजिटल साधनांनी करण्याचे आणि १९३१ नंतर प्रथमच जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचे निश्चित झाले. गाव, जात, शिक्षण, व्यवसाय आणि घरातील सोयी यांचे तपशील जितक्या खालच्या पातळीपर्यंत प्रसिद्ध होतील तितके नियोजन नेमके होईल, यात शंका नाही. त्याच पातळीवर एका गावात एखाद्या समाजाची दोन-तीनच घरे असतात आणि तेथे तक्त्यातील आकडा म्हणजे शेजाऱ्यांना ठाऊक असलेले घर असते. अशा घरांतील लोकांनी प्रगणकाला खरी उत्तरे देणे हे ती उत्तरे त्या घरापर्यंत परत पोहोचणार नाहीत या विश्वासावर अवलंबून आहे. हा विश्वास ढळला तर पुढील गणनेत उत्तरे टाळली जातील अथवा बदलली जातील आणि त्या आकड्यांवर आधारलेल्या योजनांचा पायाही तितकाच कमकुवत होईल.